तीन ते सहा फूट : प्रस्तावना

शनिवारच्या सकाळी चौघं खेळत असतात. एकाचा चेंडू होलपासून तीनएक फुटांवर थांबतो आणि दुसरा वळूनही न बघता म्हणतो, 'दिला, उचल.' चेंडू खिशात जातो, कार्डावर आकडा पडतो, मंडळी पुढच्या टीकडे निघतात. मॅच प्लेमध्ये प्रतिस्पर्ध्याला असा पट देऊन टाकणं नियमात बसतं, स्ट्रोक प्लेमध्ये बसत नाही. पण मित्रांच्या खेळात हा भेद सहसा कोणी पाळत नाही. परिणाम असा होतो की वर्षानुवर्षं नियमित खेळणाऱ्या माणसानेही तीन-चार फुटांचे पट फारसे खेळलेले नसतात. मग महिन्याची मेडल स्पर्धा येते. सोबत दुसऱ्या क्लबाचा अनोळखी खेळाडू असतो आणि तो काहीच बोलत नाही. अंतर तेच, ग्रीनही ओळखीची, पण हात मात्र परके वाटू लागतात.

छोटा पट म्हणजे झालाच, या गैरसमजाला हँडिकॅपचा जागतिक नियमही हातभार लावतो. होल पूर्ण न करता चेंडू उचलला, तर संभाव्य आकडा कसा धरायचा याची त्यात सोय आहे. ग्रीनवर पाच फुटांच्या आत चेंडू असेल तर आणखी एक फटका धरायचा. हिशेब ठेवायला हे सोयीचं आहे. पण कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेच्या पीजीए टूरवरच्या पटांचं जे गणित मांडलं, ते याच्या शेजारी ठेवून बघावं. व्यावसायिक खेळाडू तीन फुटांवरून १०० पैकी ९६ पट घालतात, चार फुटांवरून ८८, पाचावरून ७७, सहावरून ६६. आठ फुटांवर प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणजे ज्या पाच फुटांना आपण 'झालंच' म्हणतो, तिथे जगातले सर्वोत्तम खेळाडूही चार-पाच पटांमागे एक चुकवतात.

हे पुस्तक तीन ते सहा फुटांच्या या पट्ट्याबद्दल आहे. तीन फुटांच्या अलीकडे चूक झाली तर ती बहुधा निष्काळजीपणाची असते. १९८३च्या ब्रिटिश ओपनमध्ये रॉयल बर्कडेलवर हेल अर्विन दोन इंचांवरचा चेंडू पटरने सहज ढकलायला गेले आणि पटर चेंडूला लागलाच नाही. शेवटी ते टॉम वॉटसन यांच्याहून एकाच फटक्याने मागे राहिले. सहा-सात फुटांच्या पलीकडे ग्रीनवरचे खाचखळगे, पावलांचे ठसे, गवताचा कल यांचा वाटा वाढत जातो आणि सरावाचा मोबदला हळूहळू घटतो. मधल्या तीन फुटांत मात्र सराव थेट कार्डावर उतरतो.

होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. चेंडू कमीत कमी ४२.६७ मिलिमीटरचा. चेंडू होलच्या तोंडाशी जेमतेम पोचेल एवढाच वेग असला, तर त्याचा मध्यबिंदू होलच्या कडेच्या आत असणं पुरेसं असतं. या हिशेबाने तीन फुटांवर दिशेची चूक दोन्ही बाजूंना सुमारे ३.४ अंश चालते, सहा फुटांवर १.७ अंश. आता वेग वाढवा. ब्रायन होम्स या भौतिकशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये दाखवून दिलं, की होलच्या ऐन मध्यातून जाणारा चेंडूसुद्धा सेकंदाला सुमारे १.६३ मीटरहून जास्त वेगात असेल तर पलीकडच्या कडेवरून उडून जातो. मध्यापासून जितकं बाजूला जावं तितकी ही मर्यादा आणखी खाली येते. होल सव्वाचार इंचांचाच राहतो, पण जोरात मारलेल्या चेंडूसाठी तो प्रत्यक्षात लहान होतो. छोट्या पटाबद्दलचे बहुतेक वाद दिशा आणि वेग यांच्या या व्यवहारापाशी येऊन थांबतात.

या सव्वाचार इंचांमागे काही मोठा विचार होता असं नाही. १७४४ च्या लीथच्या नियमांत, म्हणजे गोल्फच्या सगळ्यांत जुन्या लिखित नियमांत, पुढच्या होलसाठीचा चेंडू आधीच्या होलपासून एका क्लबच्या लांबीच्या आत टी करावा असं सांगितलेलं आहे. ज्या जमिनीवर पट मारायचा तिथेच पुढचा पहिला फटका, मग तिची अवस्था काय होत असेल याची कल्पना करावी. स्कॉटलंडमधल्या मसलबरोला १८२९ मध्ये होल कापायचं जे अवजार आलं त्याचं माप सव्वाचार इंच होतं असं मानतात. सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए क्लबाने १८९१ मध्ये तेच माप सर्वांसाठी कायम केलं. योगायोग असा, की १८२९ मध्येच कोलकात्यात ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यांत जुना गोल्फ क्लब सुरू झाला. मुंबईतही १८४२ मध्ये क्लब निघाला, पण तो टिकला नाही.

टी आणि ग्रीन वेगळे झाले, ओल्ड टॉम मॉरिस यांनी सेंट अँड्र्यूजच्या ग्रीनवर वाळू पसरून पृष्ठभाग सुधारला, आणि पट मारणं हे हळूहळू स्वतंत्र कौशल्य बनलं. आपल्याकडे छावण्यांच्या कोरड्या मैदानांवर ग्रीनऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे ब्राउन असत. ब्राउनवर चेंडूची वाट आधी सपाट ओढून घेता येते आणि तिथे गवताचा कल नसतो. ब्राउनवर तयार झालेला हात गवतावर आला की गोंधळतो, हे जुने फौजी खेळाडू हसत हसत सांगतात.

पटिंगच्या शैलींचा इतिहास बराचसा गवत कापायच्या यंत्राचा इतिहास आहे, असं माझं मत आहे. ग्रीनवरचं गवत उंच आणि संथ असे तेव्हा चेंडूला ठोका द्यावा लागे, म्हणून मनगट चालवणारे खेळाडू यशस्वी होत. बिली कॅस्पर हे त्यातलं गाजलेलं नाव. दक्षिण आफ्रिकेचे बॉबी लॉक यांनी तर आतल्या बाजूने पटर आणायची स्वतःची तऱ्हा ठेवून चार ब्रिटिश ओपन जिंकल्या. पुढे गवत जमिनीलगत कापलं जाऊ लागलं, ग्रीन वेगवान झाली. एडवर्ड स्टिम्पसन यांना १९३५ च्या अमेरिकन ओपननंतर ग्रीनचा वेग मोजायच्या पट्टीची कल्पना सुचली आणि १९७० च्या दशकात ती पट्टी मैदानांवर सर्रास आली. आकडा हाती आल्यावर ग्रीन आणखी वेगवान करण्याची चढाओढही लागली. वेगवान ग्रीनवर मनगटाचा छोटासा झटकाही चेंडू पाच फूट पुढे नेतो. मग मनगटं स्थिर ठेवून खांद्यांनी पटर हलवण्याची पद्धत रूढ झाली. आज शिकवली जाते ती बहुतेक हीच.

साधनांचा इतिहासही गमतीचा आहे. १९०४ मध्ये वॉल्टर ट्रॅव्हिस हे अमेरिकन खेळाडू मधोमध दांडा बसवलेला पटर घेऊन ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकून गेले. १९१० मध्ये आर अँड ए ने तशा पटरवर बंदी घातली आणि ती पुढे चाळीसेक वर्षं टिकली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेल्या कार्स्टन सोल्हाइम यांनी पटरचं वजन दोन टोकांना वाटून दिलं, म्हणजे चेंडू थोडा बाजूला लागला तरी पटर कमी वळतो. त्यांचा १९६० च्या दशकातला 'अँसर' पटर आजही दुकानात निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी ओळखू येतो. लांब दांडा पोटाला किंवा छातीला टेकवून मारायची पद्धत आली आणि पुढे दोनेक वर्षांच्या काळात ती वापरणाऱ्यांनी चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्यावर १ जानेवारी २०१६ पासून तो टेकू नियमबाह्य ठरला. सध्या हातात न वळणाऱ्या 'झीरो टॉर्क' पटरची हवा आहे. पटरच्या खरेदीबद्दल या पुस्तकात अगदी थोडं लिहिलं आहे, कारण दुकानात पटर बदलून सुटणारा प्रश्न बहुधा फेस सरळ ठेवण्याचा असतो आणि तो घरीच सुटतो.

तंत्राच्या बाजूने दोन मोठ्या शाळा आहेत. नासात संशोधन करून मग गोल्फकडे वळलेले डेव्ह पेल्झ सांगत, की पटर सरळ मागे न्यावा आणि सरळ पुढे आणावा. चेंडू होलमध्ये गेला नाही तर सुमारे सतरा इंच पुढे जाऊन थांबावा, हाही त्यांचाच हिशेब. स्टॅन अटली यांच्या मते पटर शरीराभोवती हलक्या कमानीत फिरणं नैसर्गिक आहे. या वादावर कित्येक पानं खर्ची पडली आहेत. तीन ते सहा फुटांपुरतं विचाराल तर मला तो निरर्थक वाटतो. एवढ्या छोट्या पटात पटरचं डोकं मागे-पुढे इतकं थोडं हलतं, की कमान आणि रेघ यांतला फरक मिलिमीटरांत मोजावा लागेल. चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः टक्कर होतानाचा फेसचा कोन ठरवतो. तो कोन अंशाभराच्या फरकाने सरळ राहिला, तर शाळा कुठलीही चालेल.

वेगाचा वाद मात्र खरा आहे. होलपाशी संपत येणारा चेंडू होलचं पूर्ण तोंड वापरतो, पण उतारावर जास्त वळतो आणि ग्रीनवरच्या बारीक खड्ड्यांनी जास्त हलतो. जोरात मारलेला चेंडू रेघ धरतो, पण कडेला लागला तर गोल फिरून बाहेर पडतो. यावर एकच उत्तर देणारी पुस्तकं परदेशी आणि एकसारख्या ग्रीनवर लिहिलेली आहेत. पुण्या-मुंबईत जुलैत ग्रीन ओली असते, गवत झपाट्याने वाढतं, यंत्र फार खाली लावता येत नाही, चेंडूमागे पाण्याची रेघ उठते. त्याच मैदानावर जानेवारीत तो पट दुप्पट लांब जाईल असं वाटतं. शिवाय आपल्याकडच्या बर्म्युडा जातीच्या गवताला कल असतो. होलच्या कडेकडे नीट बघावं. एका बाजूची कड विस्कटलेली, पिवळट झालेली दिसते, गवताचा कल त्या बाजूला असतो. जुने कॅडी हे एका नजरेत टिपतात आणि म्हणतात, 'साहेब, आतच ठेवा, उजवी कड, पण जरा दाबून.' त्या 'जरा दाबून'मध्ये वेगाचा सगळा विचार येऊन गेलेला असतो. कोलकात्याच्या क्लबात ग्रीनची देखभाल करणाऱ्या वडिलांच्या घरात वाढून, कॅडीचं काम करून एस. एस. पी. चौरसिया यांनी २०१६ आणि २०१७ ची इंडियन ओपन जिंकली. ग्रीनच्या सहवासातून येणारं हे ज्ञान अजून कुणी पुरतं लिहून काढलेलं नाही.

आता मनाकडे येतो, कारण छोटा पट चुकण्याच्या कहाण्या शेवटी तिथे जातात. १९७० मध्ये सेंट अँड्र्यूजच्या अठराव्या ग्रीनवर डग सँडर्स यांचा तीनेक फुटांचा पट गेला असता, तर ब्रिटिश ओपन त्यांची होती. तो चुकला आणि दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये जॅक निकलस जिंकले. २०२४ च्या अमेरिकन ओपनपर्यंत रोरी मॅकिलरॉय यांनी त्या हंगामात तीन फुटांच्या आतले ४९६ पैकी ४९६ पट घातले होते. पाइनहर्स्टला शेवटच्या दिवशी सोळाव्या होलवर अडीच फुटांचा चुकला, अठराव्यावर पावणेचार फुटांचा, आणि ब्रायसन डिशाँबो एका फटक्याने जिंकले. आपल्या जवळचं उदाहरण पुण्यात जन्मलेल्या अनिर्बन लाहिरी यांचं. २०१५ च्या प्रेसिडेंट्स कपमध्ये कोरियात शेवटच्या होलवर ख्रिस कर्क यांनी लांबचा पट घातला आणि लाहिरींचा चारेक फुटांचा चुकला. अमेरिकेचा संघ अखेर एका गुणाने जिंकला. त्या दिवशीच्या बातम्यांत त्या पटाचं जेवढं बोललं गेलं, तेवढं लाहिरींच्या त्या वर्षाच्या उत्तम खेळाचं बोललं गेलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

या तिघांपैकी कुणाचंही तंत्र कच्चं नव्हतं. छोट्या पटाचा जमाखर्च विषम आहे: घातला तर कुणी टाळी वाजवत नाही, चुकला तर पूर्ण फटका जातो आणि चारचौघांत नाचक्की होते. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर या संशोधकांनी २०११ मध्ये पंचवीस लाखांहून जास्त पट तपासले. सारख्याच अंतरावरून आणि सारख्याच परिस्थितीत व्यावसायिक खेळाडू बर्डीच्या पटापेक्षा पारचा पट थोडा जास्त वेळा घालतात, सुमारे दोन टक्क्यांनी. फटका तोच असला तरी नुकसानीची भीती माणसाला जास्त काळजी घ्यायला लावते. पण भीतीची ही मदत एका मर्यादेपर्यंतच मिळते. तिच्या पलीकडे यिप्स येतात, म्हणजे ऐन टकरीच्या क्षणी हाताला बसणारा अनाहूत झटका. टॉमी आर्मर यांनी रूढ केलेला हा शब्द. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी यिप्सचं एक टोक मज्जासंस्थेच्या विकारात आणि दुसरं दडपणाखाली कोसळण्यात दाखवलं, मधल्या छटा अनेक. जर्मनीचे बर्नहार्ड लांगर या झटक्यांशी आयुष्यभर लढले, पकड बदलत राहिले, आणि तरीही १९८५ व १९९३ मध्ये मास्टर्स जिंकले.

नजरेचं संशोधन मला सगळ्यांत उपयोगी वाटतं. कॅनडातल्या जोन व्हिकर्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खेळाडूंच्या डोळ्यांची हालचाल मोजली. चांगल्या खेळाडूंची नजर फटक्याआधी चेंडूवर जास्त वेळ आणि जास्त शांतपणे टिकते, आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर तिथेच राहते. आपल्याकडचे शिक्षक हेच वेगळ्या शब्दांत सांगत आले आहेत: होल बघू नका, चेंडू पडल्याचा आवाज डाव्या कानाने ऐका. चार फुटांवर हे अगदी सहज करता येतं, आणि करणारे थोडेच असतात.

एक आक्षेप इथेच घेऊन टाकतो. ब्रॉडी यांच्याच हिशेबाने व्यावसायिकांत वरच्या खेळाडूंची जी आघाडी असते, तिच्यात पटिंगचा वाटा साधारण पंधरा टक्के आहे. लांबच्या फटक्यांचा वाटा त्याच्या कितीतरी पट. 'पैसा पटिंगमध्ये असतो' हा जुना समज त्यांनी पार मोडीत काढला, आणि तो मोडला हे बरं झालं. तरीही छोट्या पटावर वेगळं पुस्तक का? वाचक कोण आहे ते बघा. पन्नाशीतल्या माणसाचा ड्राइव्ह वीस यार्डांनी वाढवायला शरीर लागतं, शिक्षक लागतो, रेंजवरचे तास लागतात. मुंबईत तर मैदानापर्यंत पोचायलाच अर्धा दिवस जातो. चार फुटांचा पट घरातल्या सतरंजीवरही सुधारतो, त्याला वय लागत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकने ड्राइव्हच्या अंतरात मागे असूनही पटरच्या जोरावर अखेरच्या दिवशीपर्यंत पदकाची आशा धरून ठेवली आणि एका फटक्याने चौथी आली. ७ ऑगस्ट २०२१ च्या त्या सकाळी बर्डी म्हणजे काय हे माहीत नसलेली माणसंही टीव्हीसमोर बसली होती. त्यानंतर क्लबांच्या सरावाच्या ग्रीनवर मुली जास्त दिसू लागल्या, असं मला वाटतं. त्या मुलींसाठीही हे पुस्तक आहे.

सरावाबद्दल या पुस्तकाचा एक आग्रह आहे आणि तो बऱ्याच वाचकांना आवडणार नाही. एकाच जागेवरून पन्नास चेंडू मारणं हा सर्वांचा लाडका सराव आहे. पंधराव्या चेंडूनंतर हात रेघ पाठ करतो, चेंडू जाऊ लागतात, मनाला बरं वाटतं. पण मैदानावर एका जागेवरून एकच संधी मिळते. शिया आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या साध्या हालचाली शिकताना हेच पाहिलं. कामं एकामागून एक गठ्ठ्याने केली तर सराव चालू असताना कामगिरी चांगली दिसते, मिसळून केली तर वाईट दिसते, पण नंतर लक्षात राहतं ते मिसळून केलेलं. म्हणून इथे सरावाचे दोन भाग कटाक्षाने वेगळे ठेवले आहेत. पहिला फेस सरळ करण्याचा: दोन टींच्या फटीतून पटर काढणं, मीटरपट्टीवरून चेंडू खाली न पडू देता शेवटपर्यंत नेणं, सुतार फळीवर रेघ मारायला जी रंगाची दोरी वापरतात तिने ग्रीनवर सरळ रेघ मारून तिच्यावर मारणं. इथे गठ्ठ्याने मारायला हरकत नाही, कारण शिकायची एकच गोष्ट असते. दुसरा भाग परीक्षेचा: होलभोवती निरनिराळ्या बाजूंना, निरनिराळ्या अंतरांवर एकेक चेंडू, प्रत्येकाआधी पूर्ण तयारी, आणि चुकल्यावर काहीतरी किंमत. फिल मिकल्सन तीन फुटांच्या वर्तुळात चेंडू मांडून सलग शंभर घालण्याचा सराव करत, हे प्रसिद्ध आहे. त्यातली ताकद आकड्यात नाही. ब्याण्णवावा चेंडू चुकला तर पुन्हा एकपासून सुरुवात, ही भीती त्यात आहे.

लांब पट, मोठ्या उतारांचं वाचन, ग्रीनबाहेरून पटर वापरणं हे विषय मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. मानसशास्त्राची प्रकरणं थोडक्यात आटोपली आहेत. आत्मविश्वास बाळगा असं सांगून तो येत नाही, आणि तसं सांगणारी पुस्तकं बाजारात भरपूर आहेत. मापं फुटांत दिली आहेत, कारण आपले खेळाडू आणि कॅडी फुटांतच बोलतात. भौतिकाचा हिशेब आला तिथे मिलिमीटर वापरले आहेत. सगळ्या सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत, डावखुऱ्यांनी बाजू बदलून वाचाव्यात. मीटरपट्टीचा सराव करणाऱ्यांनी पट्टी स्टीलची घ्यावी. लाकडी पावसाळ्यात वाकते.